पंधरा कागद

छापखान्यात त्यांना सगळे मिनिटराव म्हणायचे. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच पडून होतं. कुणीही काहीही विचारलं, की मशीनवरची नजर न काढता ते "एक मिनिट" म्हणायचे, आणि ते मिनिट कधी पाच मिनिटांचं व्हायचं, कधी अर्ध्या तासाचं. पण त्यानंतर जे उत्तर यायचं ते पक्कं असायचं, म्हणून कुणी चिडत नसे. सव्वीस वर्षं हा माणूस ऑफसेट मशीनवर उभा होता. दुसऱ्या मशीनमनला रंग बसवायला ऐंशी-शंभर कागद लागायचे, ह्यांचा तीस-पस्तिसांत बसायचा. ह्याचा त्यांना गर्व होता. का नसावा? सव्वीस वर्षं पाय दुखवून घेतल्यावर माणसाला एवढा हक्क आहेच. पण जो काही घोळ झाला तो ह्या गर्वापायीच झाला, हे आधीच सांगितलेलं बरं.

आता हे रंग बसवणं म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मशीन सुरू केलं की पहिले कागद कधीच धड येत नाहीत. कुठे शाई जास्त, कुठे फिकं, कुठे पाणी वर आलेलं. ते कागद वायाच जायचे असतात. मग त्यासाठी कोरे कागद कशाला नासायचे? म्हणून मागच्या एखाद्या कामात एकाच बाजूला छापून बिघडलेले कागद जपून ठेवतात. त्यांची कोरी बाजू वर करून ते चांगल्या गठ्ठ्याच्या डोक्यावर चढवतात आणि दोन्हींच्या मध्ये एक लाल चिठ्ठी खोचतात, बाहेर डोकावणारी. बिघडलेले कागद संपले की चिठ्ठी खाली पडते. चिठ्ठी पडली की मशीन थांबवायचं, पलीकडे जमलेले खराब कागद उचलून बाजूला करायचे, मशीनवरचा मोजणीचा आकडा शून्यावर आणायचा, आणि मग खरं काम सुरू. औषधाच्या कामात हे अजिबात करायचं नाही, असा गिऱ्हाईक कंपनीचा लेखी नियम होता. तो नियम भिंतीवर चिकटवलेला होता आणि बरोबर त्याच्या खालीच बिघडलेल्या कागदांचा गठ्ठा ठेवलेला असायचा.

त्या मंगळवारी औषधाचंच काम होतं. खोक्यात बाटलीसोबत घडी केलेला कागद असतो ना, तो. एकाच कंपनीचं तापाचं औषध, पण बाटल्या दोन. तान्ह्या बाळांसाठी थेंब, ते ड्रॉपरने मोजून द्यायचे. मोठ्या मुलांसाठी सिरप, ते चमच्याने. औषध तेच, फक्त थेंबांच्या बाटलीत चौपट दाट. कागदाच्या एका बाजूला औषधाचं नाव आणि माहिती, दुसऱ्या बाजूला मात्रेचा तक्ता: वजन किती, औषध किती. मात्रेची बाजू आधी छापायची, नावाची नंतर, अशी ह्या छापखान्याची पद्धत. थेंबांच्या कागदाची मात्रेची बाजू सोमवारी छापून झाली होती. मंगळवारी नावाची बाजू चढवली. रंग बसवायला मिनिटरावांनी वर चाळीस कागद ठेवले, मागच्या आठवड्यात सिरपची मात्रा छापताना किंचित फिके गेलेले. मध्ये लाल चिठ्ठी खोचली.

कंपनीचा साहेब त्या दिवशी डोक्यावरच उभा होता. बाटल्या भरून तयार, कागदावाचून सगळं अडलेलं, घाई घाई घाई. आणि मिनिटरावांचा हात असा लागला, की पंचविसाव्याच कागदाला रंग जिथल्या तिथे आला. साहेबाने कागद दिव्याखाली धरला आणि म्हणाला, "वा! असा हात कुणाचा नाही बघा."

मिनिटराव फुलले. पलीकडचे पंचवीस कागद उचलले, बाजूला ठेवले, आकडा शून्यावर आणला आणि मशीन सोडून दिलं. साहेबाला नमुन्यावर सही करायला पेन हवं होतं, ते द्यायला वळले. चिठ्ठीच्या वर अजून पंधरा कागद शिल्लक होते. सात सेकंदांत ते मशीनमधून पलीकडे गेले आणि त्यांच्यावर साडेबाराशे चांगले कागद येऊन बसले. वळून पाहिलं तर चिठ्ठी खाली पडलेली. सवयीने उचलली आणि खिशात टाकली.

म्हणजे काय झालं? पंधरा कागद असे तयार झाले, की एका बाजूला थेंबांचं नाव आणि दुसऱ्या बाजूला सिरपचे चमचे. एकेका मोठ्या कागदातून कापून सोळा छोटे कागद निघतात. पंधरा सोळे दोनशे चाळीस. दोनशे चाळीस बाळं.

हे आपल्याला आत्ता कळतंय. मिनिटरावांना कळलं गुरुवारी सकाळी अकरा वाजता.

वाया गेलेले कागद मोजून, फाडून, वहीत आकडा लिहायचा असाही कंपनीचा एक नियम होता, आणि हा नियम मात्र ते पाळायचे. स्टुलावर बसून त्यांनी कागद मोजले. पंचवीस. पुन्हा मोजले. पंचवीस. ज्या वेष्टनात हे कागद गुंडाळून ठेवलेले होते ते तिथेच टेबलाखाली पडलेलं होतं आणि त्यावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: सिरप, मात्रेची बाजू, ४०.

त्यांनी एक कागद उलटा केला. "आठ ते दहा किलो, एक चमचा. दिवसातून तीन वेळा."

त्यांनी स्टुलाची कड धरली. मशीन बंद होतं, तरी कानात घरघर सुरू झाली. ते मनाशी म्हणाले, नाही, मी चाळीस ठेवलेच नसतील, थोडे ठेवले असतील. पण बोटांना आठवत होतं. दहा, दहा, दहा, दहा, आडवे-उभे रचून. सव्वीस वर्षं बोटं हेच करत आली होती, ती त्या एका दिवशी चुकणार होती थोडीच. मग आठवली खिशातली चिठ्ठी, आणि तिच्याबरोबर साहेबाचं "वा!" आठवलं.

त्यांची स्वतःची नात घरी आठ महिन्यांची होती. लेक बाळंतपणाला आली ती अजून माहेरीच होती, आणि ह्याच माणसाने तिच्या डोक्यात भरवलं होतं, की बाई, शेजारणींचं ऐकू नकोस, औषध द्यायच्या आधी खोक्यातला कागद वाच, तो कागद आम्ही डोळ्यांत तेल घालून छापतो. लेक खरंच वाचायची, अगदी बोट ठेवून. आता मिनिटरावांच्या डोळ्यांसमोर अशा दोनशे चाळीस लेकी उभ्या राहिल्या. निष्काळजी आई कागद फेकून देईल आणि अंदाजाने चार थेंब टाकेल, तिचं बाळ सुखरूप राहील. जी शहाणी बाई चष्मा लावून वाचेल, ती चमचा भरेल.

ते उठले. जवळजवळ पळतच बाइंडिंगच्या खोलीत गेले.

बाइंडिंगची सगळी सूत्रं मावशींच्या हातात. कटिंग, घड्या, बंडलं, खोकी, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. पन्नाशीच्या, आवाज खणखणीत, मालकिणीलासुद्धा "गप बसा हो जरा" म्हणायची हिंमत असलेल्या. मिनिटरावांचा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "काय हो, भूत बघितलंत की काय?"

"मावशी, थेंबांचं काम कुठवर आलंय?"

"कुठवर म्हणजे? झालं की. घड्या झाल्या, बंडलं झाली. ही बघा खोकी. चार वाजता गाडी येणार न्यायला."

मिनिटरावांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. आवाज इतका खाली गेला होता की मावशींना पुढे वाकून ऐकावं लागलं. खोलीत घड्या तपासणाऱ्या आणखी तिघी होत्या. त्यांचे हात आपोआप थांबले.

"अगं बाई!" मावशी म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. मग एक खोकं टेबलावर आपटलं. "घडी घातल्यावर नाव बाहेर येतं आणि मात्रा आत. म्हणजे वरून काही कळायचं नाही. किती आहेत म्हणालात?"

"पंधरा कागद. दोनशे चाळीस तुकडे. वीस हजारांत."

"वीस हजार घड्या उघडायच्या? चार वाजेपर्यंत?" एकीने विचारलं.

मिनिटराव मटकन खुर्चीवर बसले. डोळे भरून आले होते.

"रडायला नंतर बसा, आता बोलते त्याकडे लक्ष द्या," मावशी म्हणाल्या. "ते पंधरा कागद गठ्ठ्याच्या तळाशी होते ना? मग कापल्यावर सोळा गठ्ठ्यांच्या तळाशी पंधरा-पंधरा गेले. घडीच्या मशीनमधून निघाले ते पण एकामागोमाग एक. म्हणजे पंधरा-पंधरांच्या सोळा टोळ्या आहेत, सुटे सुटे नाहीत. तेव्हा प्रत्येक घडी उघडायची नाही. दर दहावी उघडायची. पंधरांची टोळी दहांच्या जाळ्यातून सुटते कशी, बघूया."

मिनिटराव त्यांच्याकडे बघतच राहिले. ह्या बाईला दोन वर्षांपूर्वी "घड्या घालण्यात काय अक्कल लागते" असं ते तोंडावर बोलले होते. तिने ते मनात ठेवलेलं असेल तर ही वेळ तिची होती, पण ती बिचारी खोकी फोडत होती.

सगळेच बसले. दर दहावी घडी उचलायची, नखाने उघडायची, चमचा की ड्रॉपर ते बघायचं, परत मिटायची. पहिली टोळी वीस मिनिटांत सापडली. "आहे हो, आहे!" एकजण ओरडली, जणू काही लॉटरीच लागली. मिनिटरावांनी हातात घेऊन मोजली. पंधरा. बरोबर पंधरा. म्हणजे बोटं खोटं बोलली नव्हती, हे एक झालं. दुसरी, तिसरी, मग तीन एकाच खोक्यात. सापडलेल्या प्रत्येक टोळीनंतर छातीवरचं ओझं थोडं हलायचं आणि पुढची सापडेपर्यंत दुप्पट होऊन बसायचं. कुणी जेवायला उठलं नाही. एकीने मध्येच विचारलं, "मावशी, पाणी तरी पिऊ का?" त्यावर मावशी म्हणाल्या, "पी, पण डाव्या हाताने."

दोन वाजता पंधरा टोळ्या टेबलावर होत्या. दोनशे पंचवीस कागद. खोकी संपली होती.

"एक राहिली," मिनिटराव म्हणाले. "परत बघा. सुटली असेल कुठेतरी."

मावशींनी खोकी मोजली. मग त्यांचा चेहरा उतरला. मिनिटरावांनी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, ते तेव्हा पाहिलं.

"ही एकोणीस आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "एक काल संध्याकाळी गेलं. तुमचा तो साहेब स्वतः येऊन घेऊन गेला. म्हणाला, हजार कागद तरी द्या, काम उभं राहिलंय."

मिनिटराव उठले आणि जिन्याकडे वळले.

मालकीणबाईंची खोली वरच्या मजल्यावर होती. नवरा गेल्यावर छापखाना त्यांनी एकटीने ओढत आणला होता, आणि गेली चार वर्षं छापखान्याचं निम्म्याहून जास्त काम ह्या एका कंपनीचं होतं. मिनिटराव समोर उभे राहिले आणि सांगितलं. सांगून झाल्यावर मालकीणबाई उठल्या, दार लावलं आणि परत येऊन बसल्या.

"दोनशे पंचवीस मिळाले ना?"

"हो."

"म्हणजे पंधरा राहिले. वीस हजारांत पंधरा." त्या टेबलाकडे बघून बोलत होत्या. "कागद वाचतं कोण, मिनिटराव? खरं सांगा. लोक डॉक्टरला विचारतात, दुकानदाराला विचारतात. निम्मे तर कागद बाटलीबरोबर फेकून देतात."

"माझी लेक वाचते, बाई."

"बारा घरं चालतात ह्या छापखान्यावर. तुमचंही चालतं. एक फोन केला, की उद्यापासून कंपनीचा एक कागद इथे येणार नाही. आणि तुम्हाला कुठलाही छापखाना दारात उभं करणार नाही. हे कळतंय ना तुम्हाला?"

कळत होतं की! एक भीती म्हणत होती, बाई बरोबर बोलतेय, गप्प बस, पंधराच तर आहेत. आणि दुसरी भीती काही बोलतच नव्हती, ती नुसती चमचा भरत होती. दुसरी भीती मोठी निघाली.

"बाई, मला नंबर द्या. मी खालून फोन करतो. तुम्हाला माहीतच नव्हतं असं सांगेन."

मालकीणबाईंनी स्वतःचा फोन उचलला, नंबर लावला आणि त्यांच्यापुढे धरला. "माझ्याच फोनवरून करा. मला माहीत नव्हतं म्हणायला मी काय झोपले होते?"

साहेबाने सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "ते हजार खोक्यांत भरले गेले. सकाळी दुकानांत गेले. गावातल्याच दुकानांत, बाहेरगावी जाणारी गाडी अजून इथेच उभी आहे." तो पुढे म्हणाला, "तुमच्याशी जे बोलायचं ते मी नंतर बोलेन. आत्ता नोटीस छापा. दुकानांत लावायला, लोकांच्या हातात द्यायला. मजकूर पाठवतोय. किती वेळात देता?"

अर्ध्या तासात छपाईची प्लेट तयार झाली. मिनिटराव मशीनवर उभे राहिले आणि आपल्याच चुकीची नोटीस छापायला घेतली. "ह्या बॅचचे थेंब बाळाला देऊ नका. चमच्याने दिले असल्यास ताबडतोब दवाखान्यात न्या." भिंतीखालच्या गठ्ठ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. कोरे कागद लावले. रंग बसायला सत्तर कागद गेले, कारण हात ऐकतच नव्हते. मालकीणबाई शेजारी उभ्या होत्या. सत्तर कोरे कागद वाया गेले आणि त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत.

कंपनीने दुकानदारांना फोन लावले होते, पण दुकानदार गर्दीच्या वेळी फोन उचलतात थोडेच. मग दुकानांच्या याद्या वाटल्या गेल्या. मावशींना नऊ, बाकीच्यांना पाच-सहा, मिनिटरावांना अकरा. नोटिसांचं भेंडोळं काखेत मारून आणि चिकटपट्टी मनगटात अडकवून ते निघाले.

प्रत्येक दुकानात तेच. "थेंब आलेत का आज सकाळी? किती विकले?" कुणी म्हणे एकही नाही, आणि जीव भांड्यात पडे. कुणी म्हणे सहा, आणि त्या सहा गिऱ्हाइकांचे चेहरे आठवायला लावता लावता मिनिटराव हातघाईवर येत. एक दुकानदार म्हणाला, "अहो, ताप-सर्दीचे दिवस आहेत, कुणाकुणाला लक्षात ठेवू?" तेव्हा मिनिटराव त्याच्यावर असे ओरडले, की तो मुकाट्याने बिलं चाळायला लागला. ते स्वतःच दचकले. सव्वीस वर्षांत त्यांचा आवाज कधी कुणावर चढला नव्हता.

आठव्या दुकानाशी पोहोचले तेव्हा सहा वाजून गेले होते. काउंटरपाशी एक तरुण उभा होता, कामावरच्या कपड्यांत, एका हातात हेल्मेट. दुसऱ्या हातात उलगडलेला कागद.

"अहो, एवढं सांगा," तो दुकानदाराला म्हणत होता. "ह्या बाटलीबरोबर ड्रॉपर दिलाय आणि कागदावर चमचा लिहिलाय. नक्की काय धरायचं?"

मिनिटरावांच्या काखेतलं भेंडोळं खाली पडलं.

"दिलंत का?" त्यांनी त्याचा दंडच धरला. "बाळाला दिलंत का हे?"

"कोण तुम्ही?"

"दिलंत का ते सांगा आधी!"

"बायकोने दिलंय. दुपारी एक चमचा, आणि आत्ता पाचला एक. ताप उतरलाय, पण बाळ फार झोपतंय, उलटीही झाली. म्हणून म्हटलं विचारून यावं..."

पुढचं मिनिटरावांना तुकड्यातुकड्यांनीच आठवत राहिलं. मोटरसायकलवर मागे बसून "लवकर, लवकर" म्हणणं. एक अरुंद जिना. दारात मांडीवर बाळ घेऊन बसलेली मुलगी, त्यांच्या लेकीच्याच वयाची, आणि भिंतीपाशी ठेवलेला स्वच्छ धुतलेला चमचा. तिला काय सांगितलं, ते त्यांना आठवेना. बाळ तिच्या खांद्यावर होतं आणि मान सैल पडत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी कागद दोन्ही बाजूंनी वाचला, भुवया उंचावल्या आणि बाळाला आत नेलं.

बाहेर बाकावर तिघं बसले. बाप उठायचा, चार पावलं चालायचा, परत बसायचा.

"कुणी छापला असेल हो हा कागद?" तो दातओठ खात म्हणाला. "एवढीही अक्कल नसावी? हात तोडले पाहिजेत एकेकाचे."

मिनिटराव आपल्या हातांकडे बघत राहिले. नखांत शाई होती. त्यांनी मुठी मिटल्या.

"मी वाचून दिलं हो," ती मुलगी त्यांनाच सांगत होती, पुन्हा पुन्हा. "सासूबाई म्हणाल्या ड्रॉपरने दे. मी म्हटलं नाही, कागदावर चमचा आहे. दोनदा वाचलं मी. मी वाचून दिलं."

आयुष्यात इतकी भीती त्यांना कधी वाटली नव्हती. तासभर गेला. त्या तासात त्यांनी देवाला काय काय कबूल केलं, ते इथे सांगण्यात अर्थ नाही. सात वाजता मालकीणबाईंचा फोन आला. परत आलेल्या बाटल्या उघडून सहा कागद मिळाले होते. सहा, आणि हा सातवा.

पावणेआठला आतून रडणं ऐकू आलं. चांगलं खणखणीत, सगळा दवाखाना डोक्यावर घेणारं. डॉक्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "वेळेत आणलंत. उतारा सुरू केलाय, रात्रभर इथेच ठेवू. आणखी दोन-तीन चमचे गेले असते तर मी असं सांगू शकले नसते."

ती मुलगी ओक्साबोक्शी रडली. मग डोळे पुसून आत गेली आणि सलाइनच्या नळीसकट बाळाला जपून उचलून, नर्सच्या मागोमाग बाहेर बाकापाशी आली. मिनिटरावांपुढे उभी राहिली.

"काका, तुम्ही आलात म्हणून," ती म्हणाली, आणि बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.

बापाने हात जोडले. "आम्ही तुम्हाला ओळखतही नाही. स्वतःचं काम टाकून कुणासाठी कोण एवढं धावतं आजकाल? तुमचं नाव तरी सांगा."

बाळाने त्यांचं बोट धरलं होतं. अंग ऊबदार होतं आणि श्वास नीट चालला होता. मिनिटरावांना वाटलं, आता काही बोलू नये. ह्या लोकांना आनंद झालाय, तो कशाला मोडा? नाव सांगावं, आशीर्वाद द्यावा आणि जावं. कुणाला काही कळणार नव्हतं.

"तो कागद मी छापलाय," ते म्हणाले.

बाप हसतच होता. शब्द कानापर्यंत गेले होते, पुढे पोचले नव्हते. "म्हणजे?"

"मी मशीनवर असतो. चूक माझी आहे. रंग लवकर बसला म्हणून मी थांबलो नाही. थांबायला हवं होतं."

बापाचे जोडलेले हात हळूहळू सुटले. तो एक पाऊल पुढे आला, पण बायकोने त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला थांबवलं. तिने वाकून मिनिटरावांच्या मुठीपाशी बघितलं, बाळाची बोटं एकेक करून सोडवली आणि बाळ परत घेतलं. ती रडत नव्हती आता.

"अजून किती जणांकडे गेलाय हा कागद?" तिने विचारलं.

"आठ."

"आठ बाळं?"

मिनिटरावांनी मान हलवली.

"मग इथे काय बसलात?" ती ओरडली. "जा ना!"